नहदातला निळा कप

शारजाहून परत आल्यापासून लोक मला दोनच प्रश्न विचारतात. सोनं आणलंस का, आणि ती जगातली सगळ्यात उंच इमारत पाहिलीस का. सोनं आणलं नाही. इमारत लांबून पाहिली, उंच आहे. तिच्याविषयी याहून जास्त बोलावंसं मला वाटत नाही. सोळा दिवसांत मला जे दिसलं, ते बहुतेक एका स्वयंपाकघरात दिसलं, आणि ते सांगताना अजूनही कान गरम होतात. पण मी तीस वर्षं सांगलीत मुलींच्या शाळेत भूगोल शिकवलाय. प्रवास केला की अहवाल द्यावा, असं मुलींना सांगत आले, तेव्हा माझी सुटका नाही.

अल नहदा

माझा धाकटा भाऊ प्रदीप, म्हणजे आमचा पद्या, गेली चोवीस वर्षं शारजात आहे. औद्योगिक क्षेत्रात एसीचे पत्र्याचे डक्ट बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये तो मॅनेजर आहे. घर अल नहदात, नवव्या मजल्यावर. खिडकीतून खाली पाहिलं की एक रस्ता दिसतो आणि रस्त्याच्या पलीकडे दुबई. सांगलीतून मिरजेला जावं, इतकं सोपं. फरक एवढाच की सकाळी सहापासून त्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी चालतात. पद्याची बायको वर्षा दुबईत नोकरी करते. ती घरून पावणेसहाला निघते आणि जाताना म्हणते, "वन्सं, जॅम लागला नाही तर संध्याकाळी सहाला येईन." जॅम लागत नाही असा दिवस मी तिथे पाहिला नाही.

वर्षा नागपूरची. त्यांच्या लग्नाच्या वेळी मी म्हणाले होते, "नागपूरची मुलगी? दुपारी झोपेल आणि रात्री तिखट घालून आपल्याला मारेल." हे कुणीतरी तिच्या कानावर घातलं. तेव्हापासून पंचवीस वर्षं आमची गाठ पडली की पहिल्या दिवशी पाटवडीचा रस्सा असतो, आणि वाढताना ती विचारते, "वन्सं, जगाल ना?" यंदाही विचारलं. यंदाही डोळ्यांतून पाणी आलं आणि मी दुसरी वाटी मागितली.

जेवण झाल्यावर चहा करायला मी उठले. ओट्याखालच्या फळीवर, फिनाइलच्या बाटलीशेजारी, एक निळा कप होता. कडेचा टवका उडालेला. मी तो उचलला तशी वर्षा म्हणाली, "वन्सं, तो नको, तो बाईचा." त्यांची कामवाली गेल्या महिन्यात गावी परत गेली होती, कप राहिला होता. मी तो लगेच जागच्या जागी ठेवला. त्यात मला काहीच वावगं वाटलं नाही. माझ्या घरी कामाला येणाऱ्या कमलचाही असाच कप आहे.

मला तिथे बोलावलं होतं ते वेगळ्याच कामासाठी. माझी भाची सानिका, वय बावीस, शारजातच वाढलेली, मातीच्या शास्त्रात पीएचडी करायला निघाली होती. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या एका विद्यापीठाने तिला शिष्यवृत्तीसकट घेतलं होतं. पद्याचं म्हणणं, अमेरिकेला जा, पण अलाबामाला नाही.

"ताई, साउथ आहे ते," तो म्हणाला. "तिकडे गोरे लोक आपल्याला माणसात धरत नाहीत. बॉस्टनकडे कुठेही जा म्हणतो मी. शिकलेले लोक. हिला समजाव. तुझं ऐकते ती."

"आत्या, आय हॅव टिल फ्रायडे टू से येस," सानिका म्हणाली. "आणि बाबा हॅज नेव्हर बीन टू अलाबामा. ही हॅज नेव्हर बीन टू अमेरिका."

मीही गेले नव्हते. पण अलाबामा मी तीस वर्षं शिकवला होता: दक्षिणेचा कापूस पट्टा, कोळसा, लोखंड. लांब काठीने मी फळ्यावरच्या नकाशात तो दाखवायची. आता तिथे आमची पोर जाणार म्हटल्यावर मलाही तो नकाशा एकदम अंधारा वाटायला लागला. मी पद्याच्या बाजूची होते, हे आधीच कबूल केलेलं बरं.

औद्योगिक क्षेत्र

सोमवारी पद्या मला वर्कशॉप दाखवायला घेऊन गेला. मैलोन् मैल गॅरेजं, गोदामं, पत्रा कापल्याचा आवाज आणि हवेत वेल्डिंगचा वास. कोपऱ्यावरच्या टपरीत आम्ही रेगाग खाल्लं. कागदाइतकी पातळ भाकरी, तव्यावरच तिच्यात अंडं आणि चीज घालून दुमडतात. आपल्या धिरड्याची लांबची चुलतबहीण म्हणावी. बरोबर कडक चहा, ज्याला ते लोक करक म्हणतात. मी दोन रेगाग खाल्ले, आणि पद्याने ते घरी सगळ्यांना सांगितलं.

वर्कशॉपमध्ये पद्या मला एकेका माणसाची ओळख करून देत होता, पण नावाने नाही. "ड्रायव्हर पठाणच पाहिजे, ताई, वाळूत गाडी अडकली तरी घाबरत नाही. हिशोबाला मल्याळी. मल्याळ्याला आकडा चुकला तर झोप लागत नाही. हेल्पर बंगाली. रिसेप्शनला फिलिपिनो, नेहमी हसतमुख."

"आणि मराठी?" मी विचारलं.

"मराठी माणूस सिन्सियर. पण पुढे जात नाही," मॅनेजरच्या खुर्चीत बसून पद्या म्हणाला.

हिशोब बघणारे शाजी चहा घेऊन आले. त्यांना सानिकाची गोष्ट माहीत होती. वर्कशॉपमध्ये सगळ्यांनाच होती. "मॅडम, मत भेजो," ते म्हणाले. "मेरा कझिन टेक्सास में है. उधर सब लोग गन लेके सब्जी लेने जाता है. न्यूयॉर्क का आदमी सीधे मुँह बात नहीं करता. लेकिन साउथ... साउथ खलास."

"कझिन को कुछ हुआ क्या?" मी विचारलं.

"नहीं, नहीं. उसका तो उधर तीन मोटेल है."

पठाण ड्रायव्हर खानसाहेब दारात उभे होते. ते हसून म्हणाले, "बहनजी, बच्ची को जाने दो. मेरे बारे में भी लोग बहुत कुछ बोलते हैं. मुझे तो रेत से बहुत डर लगता है." पद्याही हसला. मला वाटतं त्याला तो विनोदच वाटला.

मलेहा

मंगळवारी सानिकाने सुट्टी काढली आणि मला वाळवंटात नेलं. तासाभराचा रस्ता. शहर संपलं की एकदम लाल वाळू सुरू होते, आणि मध्येच उंट उभे, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखे. मलेहाजवळ आम्ही एका टेकाडावर चढलो. म्हणजे ती चढली. मी तीन पावलं वर आणि दोन खाली. शेवटी पाय घसरला आणि मी बसल्या जागी पार पायथ्याशी आले. एक चप्पल वाळूत गेली ती गेलीच. सानिका आधी घाबरली, मग इतकी हसली की तीही बसली.

मग तिने मूठभर वाळू घेतली आणि बोटांतून सोडली. "आत्या, धिस इज नॉट सॉइल," ती म्हणाली. "माती काहीतरी धरून ठेवते. पाणी, मुळं, एव्हरीथिंग. ही काहीच धरत नाही. लहानपणी सांगलीला यायचे ना, तेव्हा तुझ्या शेतातली काळी माती माझ्या सँडल्सना चिकटायची. आई ओरडायची. मी एक ढेकूळ बॅगेत लपवून इकडे आणलं होतं."

"तुझ्या बापाला माहितीये?"

"नो! पण मिस डोरीनला माहितीये. तिनेच मला सांगितलं, तिच्या गावाकडेही तशीच काळी माती आहे. अलाबामात. मला तीच स्टडी करायचीय. बॉस्टनला ती नाही, आत्या."

मिस डोरीन तिची शाळेतली विज्ञानाची शिक्षिका. अजून शारजातच शिकवते. बुधवारी संध्याकाळी सानिकाने तिला जेवायला बोलावलं होतं, बाबांच्या शंका तिनेच फेडाव्यात म्हणून. मी एका पायात चप्पल घालून गाडीकडे गेले आणि पहिल्यांदा माझ्या मनात आलं, आपण कोणत्या बाजूला आहोत?

बुधवार

सकाळी निघताना वर्षाने दोन गोष्टी सांगितल्या. संध्याकाळी खालचा नातूर, म्हणजे इमारतीचा राखणदार, एक नवी कामवाली पाठवणार आहे, आफ्रिकेतली आहे, तिला काम दाखवा. आणि मिस डोरीन साडेसातला येईल, तोवर मी पोचतेच.

मी दिवसभर राबले. भरली वांगी, अळूवडी, मसालेभात. टेबलावर चांगले कप, सोनेरी काठाचे, उलटे मांडून ठेवले. अमेरिकन बाई येणार म्हणून काटे-चमचे काढले, आणि पुसले. साडेसहाला बेल वाजली. सानिका खाली दही आणायला गेलेली, पद्या वाटेत.

दारात एक काळी बाई उभी होती. माझ्याच वयाची, साधा लांब सुती झगा, डोक्याला रुमाल बांधलेला. हातात कापडी पिशवी. ती हसून काहीतरी बोलली. लांबवलेलं, सुरात म्हटल्यासारखं इंग्रजी. टीव्हीवरचे अमेरिकन बोलतात तसं मुळीच नाही. मला एक शब्द कळला नाही.

"कम, कम," मी म्हटलं आणि तिला सरळ स्वयंपाकघरात नेलं. तिच्या हातातली पिशवी घेतली आणि वॉशिंग मशीनशेजारी जमिनीवर ठेवली. आणि मी स्वतःला चांगली बाई समजते हो. मी तिला म्हटलं, "फर्स्ट टी. देन वर्क." स्टूल पुढे केलं. आलं घालून चहा केला. टेबलावर सहा सोनेरी काठाचे कप होते. मी वाकले, ओट्याखालून निळा कप काढला, विसळला, त्यात चहा ओतला आणि तिला दिला.

ती क्षणभर कपाकडे बघत राहिली. मग टेबलाकडे, मग माझ्याकडे. आणि तिने चहा प्यायला, सावकाश, सगळा. कप हातातच ठेवला. मी तिला बाल्कनीत नेऊन बादली आणि पोछा दाखवत होते, एवढ्यात सानिका आली.

"मिस डोरीन! यू आर अर्ली! व्हाय आर यू इन द बाल्कनी?"

माझ्या हातातली बादली तिथेच राहिली. त्या बाई म्हणाल्या, आणि आता मला प्रत्येक शब्द कळला, "तुझी आत्या मला घर दाखवत होती."

सानिकाने त्यांच्या हातातला कप पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. जमिनीवरची पिशवी उचलली. आत पीचचा गोड पदार्थ होता, काचेच्या भांड्यात, अजून कोमट. मिस डोरीननी आमच्यासाठी दुपारी केला होता. खरी कामवाली त्या दिवशी आलीच नाही.

जेवणं झाली. म्हणजे बाकीच्यांची झाली, मी नुसती वाढत राहिले. मिस डोरीननी भरल्या वांग्याचा रस्सा बोटाने निपटून खाल्ला. काटे-चमच्यांना हात लावला नाही. त्या मला "मिस आत्या" म्हणत होत्या. त्यांच्याकडे मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, आधी मिस लावतात. आपल्या ताईसारखंच की हे. एरवी मला याचं किती कौतुक वाटलं असतं.

मग पद्याने घसा खाकरला. "मॅडम, फ्रँकली सांगा. अलाबामात रेसिझम आहे की नाही?"

"आहे," त्या म्हणाल्या. पुढचं सानिका मला मराठीत सांगत होती. "पण मी उत्तरेतही दोन वर्षं शिकवलंय. तिथे माझं बोलणं ऐकून लोकांना वाटायचं, दक्षिणेतली आहे, बुद्धीने कमीच असणार. घर भाड्याने घ्यायचं तर फोनवर घर रिकामं असायचं, आणि मी दारात उभी राहिले की भरलेलं."

"पण साउथमध्ये जास्त," पद्या म्हणाला.

"साउथमध्ये मी वाढले. माझी आजी एका घरी तीस वर्षं स्वयंपाक करायची. ते चांगले लोक होते. आजारपणात डॉक्टर आणायचे, लग्नात कापड द्यायचे. आजीचं चहाचं टमरेल मागच्या दारात खिळ्याला टांगलेलं असायचं. वेगळं. तिच्या हातचं ते सगळं खायचे, पण तिचं टमरेल कधी आत आलं नाही."

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. एकदाही बघितलं नाही.

"हॉरिबल!" पद्या म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं, डोळे भरले होते. "ऐकलंस सानू? अशा ठिकाणी पाठवू तुला? इथे बघ, सगळ्या देशांचे लोक मिळून राहतात. कुणी कुणाला कमी लेखत नाही. खलास, माझं ठरलं. अलाबामा नाही."

वर्षा ताटाकडे बघायला लागली. सानिका बोलू शकली असती. एक वाक्य पुरेसं होतं. पण आत्याची लाज झाकायला ती गप्प बसली, आणि परवा शुक्रवार होता.

मी उठले. स्वयंपाकघरातून निळा कप आणला आणि टेबलाच्या मधोमध, सोनेरी काठाच्या कपांत ठेवला.

"पद्या, हा कप कुणाचा?"

"बाईचा," तो म्हणाला. "इथे कशाला आणलास? उचल तो."

"आज संध्याकाळी मी यात यांना चहा दिला. कामवाली समजून. पोछाही दाखवला. आणलेलं गोड जमिनीवर ठेवलं. तुझा अलाबामा मी नकाशावर शोधत होते रे, तो ओट्याखाली होता."

पद्याने कपाकडे पाहिलं, मग मिस डोरीनकडे, आणि मान खाली घातली. मी हात जोडले आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "आय ॲम टीचर. थर्टी इयर्स. आय ॲम अशेम्ड." आणि मला रडू आलं.

मिस डोरीननी माझे जोडलेले हात सोडवले आणि स्वतःच्या हातात धरले. "तुम्ही तो कप आणून ठेवला नसता तर मी घरी जाऊन बरीच चिडले असते," त्या म्हणाल्या. "आताही थोडी चिडलेली आहे. पण आल्याचा चहा फर्स्ट क्लास होता." मग पद्याकडे वळल्या. "सानिकाला असा कप तिथे कुणीतरी देईल. बॉस्टनमध्येही देईल, कदाचित जास्त गोड बोलून. ते मी थांबवू शकत नाही. पण माझी आई सानिकाच्या विद्यापीठापासून वीस मिनिटांवर राहते. ब्याऐंशी वर्षांची आहे, अजून गाडी चालवते. ही उतरेल त्या दिवशी ती विमानतळावर असेल."

पद्याने फक्त एवढंच विचारलं, "ब्याऐंशी वर्षांची बाई हायवेला गाडी चालवते?"

सानिका हसली, आणि मग सगळेच हसलो. पीचचा तो पदार्थ आम्ही भांडं खरवडून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा पद्या स्वयंपाकघरात उभा होता. निळ्या कपात चहा पीत होता. मला बघून ओशाळला. "टवक्याने ओठ कापतो, ताई. नवीन सेट आणतो, सगळे सारखे," तो म्हणाला. मग आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडला, "सानू, यल्ला, चल! तो होकाराचा ईमेल पाठवायचाय ना? ऊठ. आणि त्या आजीबाईंचा नंबर मला दे, मी बोलून घेतो."

उरलेले दिवस छान गेले. खाडीकाठी फिरलो, मासळीबाजारात वर्षाने घासाघीस केली, मी चप्पल घेतली. खानसाहेब मला विमानतळावर सोडायला आले. वाटेत मी त्यांना त्यांच्या गावाविषयी विचारलं, आणि ते विमानतळ येईपर्यंत जर्दाळूंच्या झाडांविषयी बोलत होते.

सांगली

सानिका ऑगस्टमध्ये गेली. आजीबाई विमानतळावर आल्या होत्या, फोटो आला. दोन महिन्यांनी एका दुकानात कुणीतरी तिला काहीतरी बोललं, तेही तिने फोनवर सांगितलं. त्या दिवशी ती आजीबाईंकडे जेवायला गेली. काळ्या मातीचा फोटो तर रोज येतो.

आता माझ्या घराचं. कमल माझ्याकडे एकोणीस वर्षं येते. तिचा कप मागच्या खिडकीत, कान तुटलेला. शारजाहून आल्यावर पहिल्याच सकाळी मी तो टाकून दिला आणि तिला माझ्या जोडीतल्या कपात चहा दिला. तिने कप फिरवून पाहिला आणि नेहमीसारखी मागच्या पायरीवर जाऊन बसली. मी दारात उभी राहून बघत राहिले. नुसता कप बदलून काही होत नाही, हे तेव्हा कळलं, पण पुढे काय करायचं ते सुचेना. तसेच बरेच महिने गेले.

परवा ती पायरीवर चहा पिता पिता म्हणाली, "बाई, सानिकाताई अमेरिकेत हाय नव्हं? तिकडं आपल्या मानसास्नी नीट वागवत्यात का न्हाई?"

मी माझा कप घेऊन बाहेर आले.

"सरक जरा," मी म्हटलं, आणि तिच्याशेजारी पायरीवर बसले. "सांगते."